एसजीपीटी नॉर्मल आलं म्हणजे दारू पचली का?

मोजपट्टी – सोमवार, २०:१५

तपासणीचा कागद हातात आला की पिणारा माणूस आधी एकच ओळ शोधतो: एसजीपीटी, यकृताच्या तपासणीतला एक आकडा. आकडा मर्यादेत दिसला की कागद कपाटात आणि बाटली कपाटाबाहेर. "वीस वर्षं झाली, काही होत नाही, पचते मला" हे वाक्य याच एका ओळीच्या जिवावर उभं असतं.

माझं म्हणणं असं की या प्रश्नाला एसजीपीटी हा आकडाच चुकीचा आहे. दारूची बरीचशी हानी यकृताबाहेर होते, आणि यकृतात होते तीही या आकड्यात दिसेलच असं नाही. जाणकारांनी दोन गोष्टी सांगाव्यात. वर्षानुवर्षं पिण्याने शरीरात नेमकं काय बदलत जातं? आणि ते बघायचं तर कागदावर कोणती ओळ वाचायची?

"पिऊ नये" एवढंच लिहायचं असेल तर त्यासाठी वेगळे धागे आहेत. स्वतःचे किस्सेही नकोत. शरीरशास्त्र लिहा.

सूक्ष्मदर्शी – सोमवार, २०:५२

एसजीपीटी आणि एसजीओटी ही पेशींच्या आतली विकरं (एन्झाइम). पेशी मेली किंवा तिचं आवरण झिरपायला लागलं की ती रक्तात उतरतात. म्हणजे सध्या किती पेशी दुखावल्या जात आहेत ते हा आकडा सांगतो. आजवर किती गेल्या आणि त्यांच्या जागी किती व्रण साठला, हे सांगणं त्याचं कामच नाही.

दारूच्या बाबतीत आणखी एक गोम आहे. या विकरांना काम करायला बी-६ पासून तयार होणारं पायरिडॉक्सल फॉस्फेट लागतं. सतत पिणाऱ्यांत त्याची टंचाई असते आणि तिचा फटका एसजीपीटीला जास्त बसतो. उलट एसजीओटीचा मोठा हिस्सा मायटोकॉन्ड्रियात असतो, आणि दारूचा मार नेमका तिथे पडतो. त्यामुळे ठरावीक चित्र असं दिसतं: एसजीओटी वाढलेलं, एसजीपीटी मर्यादेत किंवा जेमतेम बाहेर, दोहोंचं गुणोत्तर २ च्या वर. आकडेही फार मोठे नसतात. दारूच्या तीव्र हिपॅटायटिसमध्ये, माणूस पिवळाधमक झालेला असतानाही, एसजीओटी सहसा ४०० च्या आतच राहतं. हजारांत गेलं तर विषाणू, पॅरासिटामॉल किंवा यकृताचा रक्तपुरवठा अडकणं, असं दुसरं कारण शोधावं लागतं.

शेवटच्या टप्प्यात गळायला पेशीच कमी उरतात. सिऱ्होसिस, म्हणजे यकृतभर व्रण, असलेल्या माणसाचं एसजीपीटी ३० असू शकतं.

खडूस – सोमवार, २०:५८

म्हणजे नळ गळत नाही म्हणून घरमालक खूश, आणि वर टाकीत पाणीच नाही.

निशिगंध – सोमवार, २१:३०

यकृतातला क्रम लिहिते.

पोटात गेलेल्या अल्कोहोलपैकी ९० टक्क्यांहून जास्त भाग यकृतच मोडतं. श्वास, लघवी, घाम यांतून जातो तो किरकोळ. पहिल्या पायरीवर अल्कोहोल डीहायड्रोजिनेज त्याचं अ‍ॅसिटाल्डिहाइड करतं, दुसरीवर अ‍ॅल्डिहाइड डीहायड्रोजिनेज त्याचं अ‍ॅसिटेट करतं. अ‍ॅसिटाल्डिहाइड विषारी आहे, प्रथिनांना आणि डीएनएला चिकटतं. पण पहिली गडबड त्याच्याही आधी सुरू होते. दोन्ही पायऱ्यांवर एनएडी हा मदतनीस रेणू खर्च होऊन त्याचं एनएडीएच साचतं. ते साचलं की पेशीला वाटतं, ऊर्जा मुबलक आहे. मग चरबी जाळणं थांबतं, चरबी बनवणं वाढतं, आणि नवीन ग्लुकोज बनवणंही अडतं. उपाशीपोटी भरपूर पिणाऱ्याची साखर एकदम खाली येते ती यामुळेच. लॅक्टेट वाढतं, मूत्रपिंड ते बाहेर टाकण्याच्या नादात युरिक अ‍ॅसिड मागे ठेवतं, आणि गाऊटवाल्याचा अंगठा सुजतो.

म्हणून पहिला मुक्काम चरबीयुक्त यकृत. रोज भरपूर पिणाऱ्यांपैकी सुमारे ९० टक्के तिथे पोचतात. काही दुखत नाही, काही कळत नाही. पूर्ण बंद केलं तर ही चरबी साधारण ४ ते ६ आठवड्यांत उतरते (वजन आणि मधुमेह यांमुळे साठलेली चरबी अर्थातच राहते).

पुढचा मुक्काम दाह, त्यानंतर व्रण. यकृतातल्या तारकापेशी एरवी जीवनसत्त्व अ साठवून शांत बसलेल्या असतात. दाहाने त्या जाग्या होतात आणि कोलॅजनचे धागे विणायला लागतात. ही जाळी पूर्ण होऊन यकृताच्या गाठी-गाठी झाल्या की सिऱ्होसिस. दीर्घकाळ भरपूर पिणाऱ्यांपैकी साधारण १० ते २० टक्के तिथे जातात. कोण जाणार हे पूर्ण सांगता येत नाही, पण स्त्री असणं, लठ्ठपणा, हिपॅटायटिस सी आणि पीएनपीएलए३ या जनुकाचा एक प्रकार यांनी शक्यता वाढते.

बोरूबहाद्दर – सोमवार, २१:४४

१० ते २० टक्के म्हणजे ८० टक्के सुटतात की! मग "मला पचते" म्हणणारा आकडेवारीने बरोबरच ठरला.

निशिगंध – सोमवार, २१:५१

सिऱ्होसिसपासून सुटतात. कर्करोग, हृदय, मेंदू, स्वादुपिंड यांची यादी वेगळी आहे, आणि त्या ८० टक्क्यांतले लोक त्या यादीत सापडतात.

उंबरठा – सोमवार, २२:०५

"भरपूर" म्हणजे किती ते कुणीतरी आकड्यात लिहा. एकाचे दोन पेग म्हणजे दुसऱ्याचे चार असतात.

रेणू – सोमवार, २२:४०

पेग विसरा, ग्रॅममध्ये मोजा. मिली × टक्के ÷ १०० × ०.७८९, कारण एक मिली अल्कोहोलचं वजन ०.७८९ ग्रॅम भरतं.

४० टक्क्यांची दारू ६० मिली: १९ ग्रॅम.
१२ टक्क्यांची वाइन १५० मिली: १४ ग्रॅम.
५ टक्क्यांची बिअर ५०० मिली: २० ग्रॅम.
८ टक्क्यांची बिअर ५०० मिली: ३२ ग्रॅम.

शेवटच्या ओळीकडे नीट बघा. "मी फक्त बिअर घेतो" म्हणणाऱ्याच्या स्ट्राँग बिअरच्या दोन कॅनमध्ये ६० मिलीच्या तीन पेगांहून जास्त अल्कोहोल असतं.

"एक ड्रिंक" हे मापही जगभर सारखं नाही. ब्रिटनमधलं एक युनिट ८ ग्रॅमचं, ऑस्ट्रेलियाचं १० चं, अमेरिकेचं १४ चं. त्यामुळे कुठल्याही बातमीतलं "रोज दोन ड्रिंक" ग्रॅम कळल्याशिवाय निरुपयोगी. शिवाय घरी अंदाजाने ओतलेला ६० चा पेग बहुतेक वेळा ६० चा नसतो. मापाने एकदा ओतून बघावं, ग्लासात पातळी कुठे येते ती डोळ्यांत भरते.

आता तेवढ्याच दारूने दोघांच्या रक्तात किती? विडमार्कचं सूत्र: ग्रॅम ÷ (वजन × गुणांक). गुणांक पुरुषांसाठी साधारण ०.६८, स्त्रियांसाठी ०.५५, कारण स्त्रियांच्या शरीरात पाण्याचं प्रमाण कमी असतं आणि अल्कोहोल पाण्यात पसरतं. ६० चे दोन पेग, म्हणजे ३८ ग्रॅम धरा. ७० किलोचा पुरुष: ३८ ÷ ४७.६, म्हणजे १०० मिली रक्तात सुमारे ८० मिलिग्रॅम. ५५ किलोची स्त्री: ३८ ÷ ३०.२५, म्हणजे सुमारे १२५. ग्लास तेवढाच, मात्रा दीडपट.

खडूस – सोमवार, २२:४६

आणि उतरायला?

रेणू – सोमवार, २२:५५

तासाला साधारण १५ मिलिग्रॅम, माणसागणिक १० ते २०. विकराची क्षमता भरली की वेग ठरलेला, जास्त प्यायलं म्हणून जास्त वेगाने उतरत नाही. मध्यरात्री १८० वर थांबलेला माणूस सकाळी ७ ला ७५ वर असतो. अनेक देशांतली गाडी चालवण्याची मर्यादा ५० आहे, म्हणजे अंघोळ करून, कॉफी पिऊन, इस्त्रीचे कपडे घालून तो अजून नशेतच आहे. कॉफीने जाग येते, अल्कोहोल जागचं हलत नाही.

झुळूक – मंगळवार, ०९:२०

चर्चा एकांगी होते आहे. मर्यादित वाइनने हृदयविकार कमी होतो हे कित्येक अभ्यासांत दिसलं आहे. पिणं आणि धोका यांच्या आलेखाचा तो इंग्रजी जे अक्षरासारखा आकार कुणी कल्पनेने काढलेला नाही.

चिकित्सक_नाना – मंगळवार, १०:१०

झुळूकताई, आलेख खरा आहे. प्रश्न आहे तो "न पिणारे" या गटात कोण बसलंय याचा. त्यात जन्मभर न प्यायलेले असतात, तसेच आजारपणामुळे सोडलेलेही असतात. हे दुसरे लोक न पिणाऱ्यांचा गट आजारी दाखवतात, आणि शेजारचा "थोडं पिणारा" गट आपोआप निरोगी दिसतो. त्यात थोडं पिणारे सरासरीने जास्त सुस्थितीतले, जास्त शिकलेले, कमी विड्या ओढणारे असतात. हे वेगळं काढलं की आलेखाचा खड्डा भरत जातो.

२०१८ साली लॅन्सेटमध्ये १९ देशांतल्या जवळपास ६ लाख पिणाऱ्यांची एकत्रित मांडणी आली. तुलना पिणाऱ्यांचीच आपसांत होती, म्हणजे वरचा घोळ टाळला होता. एकूण मृत्यूंचा सर्वांत कमी धोका आठवड्याला सुमारे १०० ग्रॅमच्या आत दिसला, त्यापुढे चढ. रेणूताईंच्या कोष्टकाने १०० ग्रॅम म्हणजे ६० मिलीचे पाच पेग, आठवड्याला.

झुळूक – मंगळवार, १०:४८

त्याच अभ्यासात हृदयाच्या झटक्याचा धोका पिण्याबरोबर थोडा कमी होताना दिसला होता, तेही लिहा ना. शिवाय एचडीएल, म्हणजे "चांगलं" कोलेस्टेरॉल, वाढतं हे प्रयोगांनीच दाखवलंय.

चिकित्सक_नाना – मंगळवार, ११:३०

बरोबर, ते राहिलं. झटक्याची रेघ थोडी खाली गेली होती. पण पक्षाघात, हृदय निकामी होणं, उच्च रक्तदाबामुळे होणारे मृत्यू आणि महाधमनीचा फुगा, या चारही रेघा वर गेल्या होत्या. एक रेघ निवडून हृदयाचा हिशेब मांडता येत नाही.

एचडीएलचं म्हणाल तर ते वाढवणं आणि हृदय वाचवणं या वेगळ्या गोष्टी निघाल्या. टॉर्सेट्रॅपिब या औषधाने एचडीएल झकास वाढायचं. औषधाच्या गटात मृत्यू जास्त दिसल्याने २००६ च्या डिसेंबरमध्ये चाचणी थांबवावी लागली.

हृदयावरचे जे परिणाम वादाबाहेर आहेत ते असे. रक्तदाब: रोज पिणाऱ्यांत वाढतो, आणि पिणं कमी केलं की काही आठवड्यांतच उतरतो. रक्तदाबाच्या तिसऱ्या गोळीआधी हा प्रश्न विचारायला हवा. दुसरं, हृदयाची अनियमित लय, एट्रियल फिब्रिलेशन. सुट्टीत भरपूर पिऊन आलेल्यांत ती दिसते म्हणून १९७८ मध्ये तिला "हॉलिडे हार्ट" असं नाव पडलं. ऑस्ट्रेलियात हाच त्रास असलेल्या १४० पिणाऱ्यांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट केले आणि एका गटाला दारू सोडायला लावली. सहा महिन्यांत सोडणाऱ्यांपैकी ५३ टक्क्यांत लय पुन्हा बिघडली, चालू ठेवणाऱ्यांपैकी ७३ टक्क्यांत. हे २०२० मध्ये छापून आलं. तिसरं, स्नायूच ढिला पडून हृदय फुगणं. ते बहुधा रोज ८० ग्रॅमहून जास्त, पाच वर्षांपेक्षा अधिक काळ पिणाऱ्यांत. वेळेत थांबलं तर त्यातलं बरंच भरून येतं.

यातलं काहीही एसजीपीटीत दिसत नाही, मोजपट्टी यांच्या मूळ मुद्द्याला धरून.

झुळूक – मंगळवार, ११:४१

लय बिघडण्याची चाचणी माहीत नव्हती. झटक्याबद्दल अजून पूर्ण पटलेलं नाही, पण पुढे चला.

बोरूबहाद्दर – मंगळवार, १२:०२

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे).

रेणू – मंगळवार, १३:१५

कर्करोगाबद्दल अजून कुणी लिहिलं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ मध्येच दारूला पहिल्या गटात टाकलं, तंबाखूच्या पंक्तीत. संबंध सिद्ध झालेल्या जागा: तोंड, घसा, स्वरयंत्र, अन्ननलिका, यकृत, मोठं आतडं-गुदाशय आणि स्त्रियांचे स्तन. तंबाखू आणि दारू एकत्र असतील तर तोंड-घशाच्या कर्करोगात धोक्याची नुसती बेरीज होत नाही, गुणाकार होतो.

स्तनाच्या कर्करोगाचा आकडा लोक चुकीचा वाचतात. रोजच्या प्रत्येक १० ग्रॅममागे धोका सुमारे ७ टक्क्यांनी वाढतो. याचा अर्थ शंभरातल्या आणखी सात जणींना होतो असा नाही. मूळ धोका समजा शंभरात १० असेल तर तो १०.७ होतो. एकीसाठी ही वाढ लहान, लाखो जणींमध्ये मात्र मोठी. आणि ती पहिल्या ग्लासापासून सुरू होते. अमुक ग्रॅमपर्यंत शून्य, अशी पायरी सापडलेली नाही.

पिताना ज्यांचा चेहरा लाल होतो, छातीत धडधडतं, त्यांच्यापैकी अनेकांत अ‍ॅल्डिहाइड मोडणारं विकर जन्मतः अधू असतं. पूर्व आशियात हे फार आढळतं. त्यांच्या शरीरात अ‍ॅसिटाल्डिहाइड जास्त वेळ रेंगाळतं. हे लोक "सवय करून" पीत राहिले तर अन्ननलिकेच्या कर्करोगाचा धोका त्यांना इतरांहून बराच जास्त. लाली कमी करायला अ‍ॅसिडिटीची गोळी घेऊन प्यायला बसणारेही असतात. लाली जाते, अ‍ॅल्डिहाइड राहतं.

उंबरठा – मंगळवार, १३:४०

झोपेचं काय? "थोडी घेतली की झोप छान लागते" हे सगळ्यात जास्त ऐकू येणारं समर्थन.

निशिगंध – मंगळवार, १४:०५

लागते लवकर, टिकत नाही. पहिल्या अर्ध्या रात्रीत स्वप्नांची, म्हणजे आरईएम झोप दबते. अल्कोहोल उतरल्यावर ती उसळून येते आणि पहाटे तीन-चारला टक्क जाग. घशाचे स्नायू सैलावल्याने घोरणं आणि श्वास अडकणं वाढतं. त्यात अल्कोहोलमुळे व्हॅसोप्रेसिन हे लघवी रोखणारं संप्रेरक दबल्याने लघवी जास्त. रोजच्या झोपेच्या औषधासारखं वापरलं तर मात्रा वाढवत न्यावी लागते, आणि तिथून पुढची गोष्ट सुरू होते.

वाचनमात्र – मंगळवार, १९:१०

पहिल्यांदाच लिहितोय. हा धागा वाचून रोज पाऊण बाटली पिणाऱ्याने उद्यापासून एकदम बंद केली तर?

सूक्ष्मदर्शी – मंगळवार, १९:२२

तसं करू नये. कारण लिहितो.

अल्कोहोल मेंदूत गाबा या शांत करणाऱ्या रसायनाचा ब्रेक जोरात दाबतं आणि ग्लुटामेट या चेतवणाऱ्या रसायनाचा वेग रोखतं. रोजच्या माऱ्याला मेंदू उलट बाजूने भिडतो: गाबाचे ग्राहक मंदावतात, ग्लुटामेटचे वाढतात. "मला चढत नाही" म्हणजे हाच बदल. आता अल्कोहोल अचानक काढलं की ब्रेक नाही आणि वेग मात्र पूर्ण.

शेवटच्या पेगनंतर ६ ते ८ तासांत हात थरथरणं, घाम, धडधड, मळमळ. १२ ते ४८ तासांत काहींना भास होतात, शुद्ध मात्र ठिकाणावर असते. झटके ६ ते ४८ तासांत कधीही. ४८ ते ९६ तासांच्या मध्ये डिलिरियम ट्रेमेन्स: भ्रम, ताप, रक्तदाब-नाडी बेफाम, दिवस-रात्र-माणसं यांचं भान नाही. उपचाराविना यात माणूस दगावतो. उपचाराने मृत्यूचं प्रमाण ५ टक्क्यांच्या खाली येतं.

म्हणजे दारू सोडल्यावर तिसऱ्या दिवशी माणूस "वेड्यासारखं बोलतोय" तर ते मनाचे खेळ समजून घरी ठेवायचं नाही, त्याच तासाला रुग्णालयात न्यायचं. आधी कधी झटका किंवा डिलिरियम झालेला असेल तर सुरुवातच दाखल करून. दर खेपेला सोडताना त्रास आधीपेक्षा जास्त होण्याकडे कल असतो. बाकीच्यांना डॉक्टर बेन्झोडायझेपिन गटातलं औषध देऊन ते काही दिवसांत उतरवत नेतात. स्वतःच्या मनाने त्या गोळ्या आणि सोबत दारू, हे मिश्रण श्वास थांबवू शकतं.

चिकित्सक_नाना – मंगळवार, १९:५०

यात थायमिनची, म्हणजे जीवनसत्त्व बी-१ ची, भर घालतो. शरीरातला बी-१ चा साठा जेमतेम ३० मिलिग्रॅमच्या आसपास, काही आठवडे पुरणारा. पिणारा खातो कमी, आतडं शोषतं कमी, यकृत साठवतं कमी. साठा संपला की मेंदूच्या ठरावीक भागांत ग्लुकोज जळणं अडतं. कार्ल वेर्निके यांनी १८८१ मध्ये याचं वर्णन केलं: गोंधळ, डोळ्यांची हालचाल अडणं, तोल जाणं. पुस्तकात ही तिन्ही लक्षणं एकत्र दिलेली असतात, प्रत्यक्षात थोड्याच रुग्णांत तिन्ही सापडतात. त्यामुळे "प्यायलेलाच असेल" म्हणून सोडून दिलं जातं. राहून गेलं तर कोर्साकोफ, म्हणजे नवीन काही लक्षातच न राहणं, आणि ते बहुधा कायमचं.

नियम सोपा: सलाइनमधून ग्लुकोज देण्याआधी थायमिनचं इंजेक्शन.

निशिगंध – मंगळवार, २०:०४

नाना, हा नियम अर्धा लिहिला तर घातक आहे. साखर ४० वर आलेल्या बेशुद्ध माणसाला थायमिन मिळेपर्यंत ग्लुकोज रोखायचं का? मुळीच नाही. साखर कमी असेल तर ग्लुकोज लगेच, थायमिन सोबत किंवा पाठोपाठ. थायमिनशिवाय तासन्‌तास ग्लुकोज चालवणं हा खरा धोका.

चिकित्सक_नाना – मंगळवार, २०:११

मान्य. माझं वाक्य तसं वाचावं.

बोरूबहाद्दर – मंगळवार, २०:३०

मग रोज पेगसोबत एक बी-कॉम्प्लेक्सची गोळी, हिशेब पूर्ण? (ह. घ्या.)

सूक्ष्मदर्शी – मंगळवार, २०:४१

हलकं घेतलं, तरी उत्तर देतो. तोंडावाटे घेतलेल्या थायमिनचं शोषण मुळात मर्यादित, आणि अल्कोहोल तेही कमी करतं. म्हणून वेर्निकेचा संशय असेल तर गोळीवर भागत नाही, शिरेतून २०० ते ५०० मिलिग्रॅम, दिवसातून तीनदा. मॅग्नेशियम कमी असेल तर तेही भरावं लागतं, नाहीतर दिलेलं थायमिन कामाला लागत नाही.

तसंच "लिव्हर टॉनिक". पिणं चालू ठेवून कोणतंही सिरप यकृत वाचवतं असा पुरावा नाही. दुसऱ्या दिवशीच्या डोकेदुखीला पॅरासिटामॉल हा दुसरा सापळा. नियमित पिण्याने सायटोक्रोम २ई१ हे विकर वाढतं, ते पॅरासिटामॉलचा जास्त भाग विषारी रूपात नेतं, आणि ते विष निवळणारं ग्लुटाथायोन पिणाऱ्यात आधीच कमी. म्हणून रोज पिणाऱ्याला दिवसाची कमाल मर्यादा सहसा ४ ऐवजी २ ग्रॅम सांगतात. सर्दीच्या गोळीतही पॅरासिटामॉल असतं, ते धरून.

खडूस – मंगळवार, २०:४७

स्वादुपिंडाला कुणी विचारत नाही. बिचारं मागे लपलेलं असतं म्हणून?

निशिगंध – मंगळवार, २१:००

अगदी तसंच. तीव्र झटका आला की कळतं: वरच्या पोटातून पाठीत आरपार जाणारी वेदना, पुढे वाकल्यावर जरा बरी वाटणारी. वारंवार झालं की ग्रंथी आकसते, तिच्यात खडे होतात. पाचक रस कमी पडून मळ तेलकट, दुर्गंधी, पाण्यावर तरंगणारा, वजन उतरतं, पुढे इन्सुलिनही कमी पडून मधुमेह. सिगारेट सोबत असेल तर हे सगळं लवकर. गंमत म्हणजे जुनाट आजारात अमायलेज-लायपेज ही स्वादुपिंडाची विकरं रक्तात नॉर्मल येऊ शकतात. पुन्हा तेच, रिकाम्या टाकीचा नळ.

उंबरठा – बुधवार, ०८:१५

धागा सगळं शरीर फिरून आला. मोजपट्टी यांचा दुसरा प्रश्न मात्र तसाच आहे. कागदावर वाचायचं काय?

सूक्ष्मदर्शी – बुधवार, ०९:०५

दोन गोष्टी वेगळ्या ठेवा: पिणं किती चाललंय, आणि नुकसान किती झालंय.

पिण्याच्या खुणा: जीजीटी हे यकृताचं आणखी एक विकर वाढतं आणि बंद केल्यावर दोन-तीन आठवड्यांत साधारण निम्म्यावर येतं. पण लठ्ठपणा, पित्तमार्गाचा अडथळा, फिटची काही औषधं यांनीही वाढतं. एमसीव्ही, म्हणजे तांबड्या पेशींचा आकार, १०० च्या वर जातो. पेशी १२० दिवस जगते, त्यामुळे तो खाली यायला तीन-चार महिने लागतात. सर्वांत नेमकी खूण म्हणजे फॉस्फॅटिडिल इथेनॉल, कारण ते अल्कोहोल असल्याशिवाय बनतच नाही आणि दोन ते चार आठवडे मागचं दाखवतं.

नुकसानाच्या खुणा: प्लेटलेट कमी (यकृताकडे जाणारं रक्त अडलं की प्लीहा फुगते आणि त्या अडकवून ठेवते), अल्ब्युमिन कमी, आयएनआर (रक्त गोठायला लागणाऱ्या वेळेचं माप) वाढलेला, बिलिरुबिन वाढलेलं. लोक याच ओळी ओलांडून एसजीपीटीवर जातात.

आणि एक फुकटचं गणित आहे, फिब-४. वय × एसजीओटी, भागिले प्लेटलेट (हजारांत) × एसजीपीटीचं वर्गमूळ. १.३ च्या खाली असेल तर मोठा व्रण असण्याची शक्यता कमी. २.६७ च्या वर असेल तर जास्त. मधलं असेल तर फायब्रोस्कॅन, म्हणजे यकृताचा कडकपणा मोजणारी तपासणी.

मोजपट्टी – बुधवार, ०९:४०

काल्पनिक कागद घेतो. वय ५२, एसजीओटी ७६, एसजीपीटी ३६, प्लेटलेट १ लाख ३० हजार.
५२ × ७६ = ३९५२. ३६ चं वर्गमूळ ६, १३० × ६ = ७८०. उत्तर ५.०७.
एसजीपीटीची ओळ मर्यादेत, आणि फिब-४ लाल रेघेच्या जवळपास दुप्पट. धाग्याच्या शीर्षकाला उत्तर मिळालं.

रेणू – बुधवार, १०:२२

मिळालं, पण या आकड्यावर सिऱ्होसिसचा शिक्का मारू नका. एसजीओटी चालू दाहानेही वाढलेलं असतं आणि प्लेटलेट अल्कोहोलच्या थेट परिणामाने, अस्थिमज्जा दबल्यानेही उतरतात. फायब्रोस्कॅनही याला फसतं. दाह असेल तर यकृत सुजून कडक लागतं आणि किलोपास्कल वाढून येतात, शिवाय तपासणीआधी तीन तास पोट रिकामं हवं. शक्य असेल तर दारू थांबल्यावर तीन-चार आठवड्यांनी दोन्ही पुन्हा करावं, सूक्ष्मदर्शी यांनी वर लिहिलंय तसं डॉक्टरांच्या देखरेखीखाली थांबवून.

समजा त्याच माणसाचं एसजीओटी ३८ वर आलं आणि प्लेटलेट १ लाख ९० हजार झाल्या. ५२ × ३८ = १९७६, भागिले ११४० (१९० × ६), उत्तर १.७३.

बोरूबहाद्दर – बुधवार, १०:३०

सुटला!

रेणू – बुधवार, १०:३४

नाही. १.३ च्या वरच आहे, स्कॅन लागणारच. पासष्टीच्या पुढे १.३ ऐवजी २ धरतात आणि पस्तिशीच्या आत हे गणित भरवशाचं नाही, पण हा ५२ चा आहे.